कोणत्या डोळ्यानं सांगू?

‘कोणत्या डोळ्यानं सांगू?’ आईनं विचारलं आणि खोलीत कोणालाच काही सुचेना. पेंटरचाचांनी ब्रश डब्याच्या तोंडावर आडवा ठेवला. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे दोन चौकोन रंगवलेले होते, दोन्ही गुलाबी, मध्ये वीतभर पांढरं प्रायमर सोडलेलं. मी एवढंच विचारलं होतं की यातला तुला कोणता हवा. तिनं आधी डावा डोळा तळहातानं झाकला, मग उजवा, मग परत डावा. लहानपणी माळवदावर पडल्या पडल्या आम्ही एकेक डोळा मिटून चंद्राला लिंबाच्या फांदीच्या इकडून तिकडं उडवायचो, तसं. आणि मग हा प्रश्न.

‘उजव्यानं दोन वेगळे दिसायलेत,’ ती म्हणाली, ‘डाव्यानं दोन्ही एकच. चहा सांडून वाळल्यावानी.’

तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा 18 दिवस झाले होते. डाव्याचं महिनाभरानं व्हायचं होतं. दिवसातून चार वेळा थेंब, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, फोडणीपाशी उभं राहायचं नाही, वाकून झाडायचं नाही. सगळ्याला मान डोलावून ती सकाळी उठून वाकून झाडायचीच. ऑपरेशनच्या वेळी मला पुण्याहून येता आलं नव्हतं. वर्षअखेरची कामं, रजा शिल्लक नाही वगैरे. सगळं खरं होतं, आणि तरी खरं सांगताना जीभ जड व्हायची. म्हणून जानेवारीत दहा दिवस काढून आले आणि आल्या आल्या जाहीर केलं की आईची खोली मी रंगवून देणार. माझ्या पैशानं. हे कशाच्या बदल्यात चाललंय ते कोणी बोललं नाही, पण वहिनींनी ज्या मऊ आवाजात ‘बरं होईल’ म्हटलं, त्यावरून त्यांना कळलंय हे मला कळलं.

रंग मीच निवडून आणले होते, आणि मला माझ्या नजरेचा अभिमान आहे, हे आधीच कबूल करते. साडीवर ब्लाउजपीस जुळवायला नातेवाईक मला बरोबर नेतात. परभणीच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानात मी शेडकार्डाची पानं पंख्यासारखी पसरून बसले. कार्डावरच्या नावांना काही अर्थ नसतो. ती वाचली की रंग दिसायचा सोडून भलतीच कुठली तरी सहल दिसते. म्हणून मी नावं सोडून दिली आणि दोन पट्ट्यांना मनातल्या मनात आपली नावं ठेवली. एक जामाचा. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात. लाल जाम चिरला की आतून जो निघतो, किंचित पिवळसर, गोडसर, तो. दुसरा कांद्याचा. वरची वाळकी फोलं काढली की खाली जी ओली पाकळी असते तिच्या बाहेरच्या अंगाचा, थंड, निळ्याकडं कललेला. पट्टीवर दोघांत केसाचं अंतर होतं. दुकानातल्या पोरानं मशीनच्या पडद्यावर दोन्हींचे हिशेब दाखवले. बेस एकच, पांढरा. दोन्हीत थोडा लाल. मग एकात पिवळ्याचे काही थेंब, दुसऱ्यात जांभळ्याचे. दोन्हीत काळ्याचाही थेंब पडतो हे मला नवं होतं. ‘काळा नाही टाकला तर लहान पोराच्या बारशासारखा दिसतो,’ पोरगा म्हणाला. मला त्याचं बोलणं आवडलं. नमुन्याचे दोन लहान डबे घेऊन मी विजयी मुद्रेनं घरी आले. कांद्याचाच घ्यायचा हे मनात ठरलेलं होतं. विचारायचं ते फक्त रीत म्हणून.

पेंटरचाचांनी डबे उघडले, बोटाचं टोक बुडवून अंगठ्यावर घासलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘बाई, कार्ड पे मत जाओ. कार्ड पे सब अच्छा दिखता.’ चाचा तीस-पस्तीस वर्षं भिंती रंगवतायत. त्यांची मिशी नेहमी आदल्या घराच्या रंगाची असते. त्यांनी दोन्ही चौकोन शेजारी-शेजारी द्यायला साफ नकार दिला. एकाला एक चिकटवले तर ते एकमेकांना ओढतात, मध्ये पांढरं सोडा. आणि एकाच भिंतीवर देऊन भागत नाही, खिडकीसमोरच्या भिंतीवरही द्या. ओला रंग बघून ठरवायचं नाही. इमल्शन वाळलं की एक घर पुढं जातं. आणि मनात आहे त्याच्या एक पट्टी फिकट घ्या, कारण चार भिंती झाल्या की एकीचा रंग दुसरीवर पडतो, तिचा तिसरीवर, आणि पट्टीवर जो शहाण्यासारखा बसला होता तो खोलीत आरडाओरडा करायला लागतो. हे सगळं त्यांनी पुट्टी घासता घासता, पॉलिशपेपरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘एक बार मशीन में कलर मार दिया, फिर दुकानवाला वापस नई लेता. बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ ही म्हण इथं जन्मलेल्या माणसानं ऐकली की त्याला राग यायला पाहिजे. कोणालाच येत नाही.

त्यानंतर दोन दिवस मी त्या भिंतींपाशी अक्षरशः राखण करत बसले. 10 बाय 12ची खोली. खिडकी पश्चिमेला. सकाळी ऊन मागच्या बाजूला असताना खोलीत नुसता आभाळाचा उजेड यायचा आणि कांद्याचा चौकोन चांगलाच निळा पडायचा. त्याच्याकडं बघून शाल घ्यावीशी वाटे. जामाचा त्या वेळी शहाणा. दुपारी तीननंतर खिडकीतून पिवळं ऊन थेट आत यायचं, तेव्हा कांद्याचा सुंदर व्हायचा, म्हणजे ज्याच्यासाठी मी तो आणला होता तसा व्हायचा, आणि जामाचा थेट नारिंगीकडं निघायचा. संध्याकाळी ट्यूब लावली की दोघंही आजारी. भाचीनं बल्बच्या खोक्यावरचं वाचून दाखवलं, पांढऱ्यावर 6500 केल्विन आणि पिवळ्यावर 3000. मग आम्ही दोघींनी स्टुलावर चढून बल्ब बदलले आणि परत बघितलं. चार वेळा, दोन भिंती, दोन रंग, दोन बल्ब. वहिनी रात्री दूध द्यायला आल्या तेव्हा मी जमिनीवर बसून भिंतीकडं बघत होते. ‘कोणताही द्या,’ त्या म्हणाल्या, ‘फक्त पुसता आला पाहिजे. तेलकट डोकं टेकतंच भिंतीला.’ त्या घरात राहतात त्या. मी दहा दिवसांची.

मध्ये एक दिवस दादानं घोटाळा केला. जेवताना म्हणाला, गुलाबी सोडून काहीही द्या. भाची हसली, पण मला कळलं होतं. 2017च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला, त्यात आमचाही होता. त्या वर्षी फुलं लागली तेव्हा दादानं मला फोटो पाठवला होता. अळीनं पाकळ्या आतून शिवून टाकलेलं फूल उमलत नाही, मिटलेलंच राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. फोटोत ती हुबेहूब गुलाबाच्या कळीसारखी दिसत होती, आणि मी, पुण्यात बसलेली, ‘किती छान!’ असं उत्तर पाठवून मोकळी झाले होते. पुढं बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत कवडी, डागाळलेली, सरकी पोखरलेली. अळी लहान असताना पांढरी असते, खाऊन मोठी झाली की गुलाबी होते, हे दादानंच सांगितलं होतं. तो ‘छान’ त्यानं अजून काढलेला नाही, पण विसरलाय असंही नाही. भाचीनं वातावरण हलकं करायला मोबाइलवरून वाचून दाखवलं की 1979 साली अमेरिकेत सिॲटलच्या नौदलाच्या तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली होती, कैदी शांत होतात म्हणून. पुढच्या प्रयोगांत मात्र तसं काही ठाम निघालं नाही. दादा म्हणाला, ‘तरी देऊन बघा. आईची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्हीकडं.’ वहिनी ताट उचलून आत गेल्या.

स्वयंपाकघराचा टोमणा ताजा होता. उजवा डोळा उघडल्यापासून आईला घरातलं बरंच काही दिसायला लागलं होतं जे इतकी वर्षं दिसत नव्हतं आणि ज्यावाचून सगळ्यांचं बरं चाललं होतं. ओट्यामागच्या फरशांवरचे तेलाचे ओघळ. पंख्याच्या पात्यांची काळी कड. वहिनींच्या कपाळावरचे पांढरे केस, जे तिनं मोठ्यानं मोजले. पट्टी काढली त्या दिवशी म्हणे ती आधी स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. ‘हे असे कधी झाले?’ विचारलं. मग कपाटातून साड्या काढल्या. वडील गेले त्यानंतर तिनं सगळ्यात जास्त नेसलेली एक साडी आहे, तपकिरी काठाची. तिला ती बदामी म्हणायची. उजव्या डोळ्यानं बघितलं तर ती जवळजवळ पांढरी, फार तर मोतिया. घरात सगळ्यांना ती पहिल्यापासून मोतियाच दिसत होती, पण ‘माझी बदामी काढ’ म्हटलं की वहिनी न चुकता तीच काढून द्यायच्या. आम्हाला वाटायचं नावात चुकते.

‘कोणत्या डोळ्यानं’चा मी तिथल्या तिथं विनोद करून टाकला होता, म्हटलं, दोन्ही उघडे ठेवून सांग. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी थेंबांचं विचारायला डॉक्टरांना फोन केला तेव्हा हेही विचारलं. ते म्हणाले, अगदी बरोबर सांगतायत त्या. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं, मोतीबिंदू पिकला की तपकिरीही होतं, आणि असं भिंग निळा उजेड आत येऊ देत नाही. हे इतकं हळू होतं की माणसाला वाटतं जग आहे तसंच आहे. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून कृत्रिम, स्वच्छ भिंग बसवलं की निळा एकदम परत येतो. आता आईच्या एका डोळ्यात नवं आणि एका डोळ्यात जुनं भिंग होतं. म्हणजे माझ्या कांद्याच्या रंगातला तो निळा, ज्याच्यासाठी मी दुकानात अर्धा दिवस घालवला, तिच्या डाव्या डोळ्याच्या उंबऱ्यावरच अडत होता. उरत होता तो जवळपास जामाचाच. ‘पन्नाशीच्या पुढं थोडंफार सगळ्यांचंच सुरू असतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘तुमचं वय?’ मी 51 सांगितलं. ते हसले आणि थेंबांचं नाव परत सांगितलं.

आईकडं रंगांचे शब्द भरपूर आहेत, आणि सगळे कशाच्या तरी अंगाला चिकटलेले. राणी, गुलबक्षी, अबोली, डाळिंबी, कुसुंबी. गुलाबी हा तिच्या लेखी फार मोघम शब्द. ‘गुलाबी तर थंडीही असते,’ ती म्हणते, आणि परभणीला जानेवारीत पहाटे अंगणात उभं राहून बघा, त्या थंडीत गुलाबी काहीही नसतं. नाक लाल होतं फक्त. तिनं चौकोनांपुढं उभं राहून एकेक शब्द लावून बघितला. अबोली नाही, तो जास्त उन्हाचा. डाळिंबी नाही. कांद्याच्याला ‘गुलबक्षी, पण धुऊन धुऊन गेलेली’ म्हणाली. माझ्या पसंतीला धुऊन गेलेली म्हटल्यानं मी जराशी दुखावले, आणि तेव्हाच तिला सांगून टाकलं की हा रंग मी उगाच नाही निवडला. आपल्या गावच्या घरातल्या ढाळजेची भिंत अशी होती.

‘कोणती भिंत?’

आमचं गावाकडचं घर माळवदाचं होतं. दोन हात जाड, दगडमातीच्या भिंती, आत शिरलं की भर दुपारी डोळ्यांपुढं काजवे, आणि मग हळूहळू खुंट्या, देवळी, उतरंड दिसायला लागायची. दारातून आत आल्यावर लगेच ढाळज. तिची उजवीकडची भिंत गुलाबी होती, हे मला माझं नाव आठवावं तितकं नक्की आठवतं. खाली गडद, वर जाईल तशी विरत गेलेली. मी तिला पाठ लावून पाढे म्हटलेत. ‘गुलाबी काहून असेल?’ आई म्हणाली. ‘चुन्याची भिंत ती. दर दिवाळीला मी स्वतः हात द्यायचे, नीळ टाकून.’ मग ती थांबली. गावचा गणपती आमच्या ढाळजेत बसायचा. विसर्जनाच्या दिवशी सगळं गाव तिथं दाटायचं, गुलालानं माखलेले खांदे आणि हात त्या भिंतीला टेकायचे, लहान पोरं तर मुद्दाम पंजे उमटवायची. ‘तो गुलाल जायचाच नाही. चुन्याचे तीन-तीन हात दिले तरी वर यायचा. डाग होता बाई तो. मला लाज वाटायची कोणी आलं की.’

म्हणजे चाळीस वर्षं मी ज्याला आमच्या घराचा रंग म्हणून मनात जपला, जो मी दुकानात पट्ट्या पसरून शोधत होते, तो तिच्या लेखी दरवर्षी घालवायचा राहून गेलेला डाग होता. चाचा शिडीवरून ऐकत होते. ते म्हणाले, ‘हौ, गुलाल का दाग बहोत खराब. नीचे से निकल के ऊपर आता.’ विषय तांत्रिक अंगानं संपला.

तो गुलाल मला शेवटचा दिसला 1993 साली. अनंत चतुर्दशीची रात्र, मिरवणूक उशिरा आटोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज. किल्लारी आमच्यापासून लांब, तिथं काय झालंय हे दिवस उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं. आमच्याकडं फक्त हादरला गाव, माळवदाची माती पडली, ढाळजेची ती भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. सगळे अंगणात. वडिलांच्या केसांत, कानामागं, बनियनवर आदल्या रात्रीचा गुलाल होता आणि ते कंदील धरून माणसं मोजत होते. दोनदा मोजली. पुढच्या उन्हाळ्यात माळवद उतरवलं. त्या भिंतीचे दगड अजून बांधावर आहेत म्हणतात, मी काही बघायला गेलेले नाही.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही शेतात गेलो. आईनं काळा चष्मा लावलेला, वरून पदर. ज्वारीच्या कडेनं दादानं करडई पेरली होती, जनावर आत शिरू नये म्हणून. तिच्या काट्यांत गुरं तोंड घालत नाहीत. फुलं नुकती पिवळ्याची केशरी व्हायला लागलेली. कोवळी असताना हिची भाजी खातो, नंतर तेल काढतो, पण हीच ती कुसुंबी, हे आपण विसरूनच गेलोय. कुसुंबी रंग हिच्या पाकळ्यांचा. कसा काढायचा ते मी वाचलं होतं, आणि भाची मागं लागली, म्हणून हातात काटे भरून घेत आम्ही ओंजळभर जुन्या, लालसर पडलेल्या पाकळ्या खुडून आणल्या. फडक्यात बांधून नळाखाली धरल्या. पिवळं पाणी निघायला लागलं ते थांबेना. बादली पिवळी, हात पिवळे. भाची म्हणाली, आत्या, यात गुलाबी कुठंय? आई बाजेवर बसून एका डोळ्यानं बघत होती. ‘आधी पिवळं सगळं जाऊ द्या,’ ती म्हणाली. कोणी सांगितलं होतं तिला, कोण जाणे. तिच्या आजीकडून काही ऐकलं असेल. तासाभरानं पाणी नितळ आलं. मग पापडखाराच्या पाण्यात त्या पाकळ्या कुस्करल्या, तर गढूळ तांबूस, गंजासारखं पाणी. आणि त्यात लिंबू पिळलं मात्र, भांड्यात एकदम उजेड पडावा तसा लालगुलाबी उमटला. भाची ओरडलीच. त्यात बुडवलेला पांढरा रुमाल आम्ही खिडकीत वाळत घातला. असा गुलाबी मी कोणत्याच पट्टीवर पाहिला नव्हता. चाचांनी चिमटीत धरून बघितला, म्हणाले याचा डबा मिळत नाही. मिळून उपयोगही नव्हता. हा रंग उन्हाला टिकत नाही. तीन आठवड्यांनी भाचीनं कळवलं की रुमाल परत पांढरा झाला, कडेला फक्त थोडासा राहिलाय.

भिंतीचं मात्र ठरलं नाही. आई म्हणाली, दुसरा डोळा होऊ द्या, मग सांगते. चाचा चिडले, पण अम्माला काय बोलणार. बाहेरची खोली आणि जिना उरकून, शिडी खांद्यावर टाकून गेले. मी पुण्याला निघाले तेव्हा तिची खोली पांढऱ्या प्रायमरमध्येच होती, दोन भिंतींवर मिळून चार गुलाबी चौकोन. कोणी नातेवाईक दुसऱ्या ऑपरेशननंतर भेटायला आले, त्यांनी विचारलं म्हणे, की ही काही नवीन फॅशन आहे का.

या दुसऱ्या ऑपरेशनलाही मी जाऊ शकले नाही.

पट्टी निघाल्यावर व्हिडिओ कॉल केला. भाचीनं फोन भिंतीकडं वळवला. फोनला काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं आपल्या मनानं रंग दुरुस्त केले आणि मला दोन्ही चौकोन एकसारखे राखाडी दिसले. आई पडद्याबाहेर होती, फक्त आवाज येत होता. आता दोन्ही डोळ्यांनी दोन वेगळे दिसायलेत, म्हणाली. मग कोणता? थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘दोन्ही गार दिसायलेत. मला तो द्या. डाव्या डोळ्याला दिसत होता तो.’

आता तो कुठून आणायचा? तो रंग ज्या भिंगातून दिसत होता ते भिंगच राहिलं नव्हतं. मी समजुतीच्या सुरात काहीतरी बोलायला लागले, वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही नका काळजी करू. बघतो आम्ही.’ पुढचं सगळं मला भाचीकडून कळलेलं आहे. चाचांना बोलावलं. जामाच्या रंगाचे चार लिटरचे दोन डबे मशीनवरून करून आणले, दोन्ही एका बादलीत ओतले, आणि चाचा वरून पिवळ्या स्टेनरची धार सोडत काठीनं ढवळत राहिले. आई खुर्ची टाकून समोर. ते फळकुटावर एक पट्टा ओढायचे, पंख्याखाली वाळवायचे, तिला दाखवायचे. ‘अजून थोडा चहा,’ ती म्हणायची. परत धार, परत ढवळणं. मध्ये कांद्याच्या नमुन्याचा उरलेला डबाही त्यात गेला, तिच्याच सांगण्यावरून. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून की रंगाची गरज म्हणून, ते भाचीला सांगता आलं नाही. आठव्या-नवव्या पट्ट्याला ती ‘हां’ म्हणाली. भाचीनं विचारलं, आजी, तुला हाच का पाहिजे? तर म्हणाली, तुझे आजोबा होते तेव्हा घर असं दिसायचं. ‘पण आत्या,’ भाची मला फोनवर म्हणाली, ‘आजोबा होते तेव्हा या खोलीला निळा ऑइलपेंट होता ना?’

होता. वडिलांनीच लावून घेतलेला.

मे महिन्यात गेले तेव्हा खोली पहिल्यांदा बघितली. बाहेर 43 अंश, कूलरच्या वाळ्याचा वास, खिडकीला ओली चादर. त्या अर्ध्या उजेडात भिंती, काय सांगू, दुधात चहा जास्त झाला की येतो तसल्या. गुलाबी म्हणावं तर म्हणता येईल. माझ्या पसंतीला उतरल्या नसत्या, दुकानात ही पट्टी दिसली असती तर मी पुढं ढकलली असती. पण तिथं बसल्यावर मला उठावंसं वाटेना. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला भाचीनं पेन्सिलनं कृती लिहून ठेवली होती: जाम 8 लि., कांदा एक लहान डबा, पिवळा स्टेनर आजी हो म्हणेपर्यंत.

आई बाजेवर पडली होती, चष्म्याशिवाय, मोतिया साडीत. आता ती तिला मोतियाच म्हणते. दाराच्या बाजूची भिंत मी हातानं चाचपून बघत होते, पुट्टी चांगली घासली होती चाचांनी. ‘तिथं फसलंय,’ ती पडल्या पडल्या म्हणाली. बादली संपत आली तेव्हा दाराकडचा कोपरा राहिला होता, तेवढ्यासाठी चाचांनी वाटीभर रंग नव्यानं कालवला, अंदाजानं. कोणाला कळलं नाही, चाचांनाही नाही, पण तिला रोज दिसतं. मी म्हटलं, कुठं? ती उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं बोटानं भिंतीवर सावकाश एक रेघ ओढली, स्विचबोर्डाच्या खालून थेट चौकटीपर्यंत. ‘इथून इकडं वेगळा आहे बघ. दिसायलाय ना?’

मी डोळे बारीक केले, बाजूला सरकून बघितलं, ट्यूब लावली, बंद केली. मला तिथं एकच रंग दिसत होता.